शिफारसपत्र, मुकादमाकडून

तीन पत्रं लागतात म्हणे.
एक तिच्या जुन्या सरांचं, ते पोचलं.
दुसरं गावच्या ग्रंथपालबाईंचं.
तिसरं ज्यांनी द्यायचं त्या प्राध्यापक बाई
नोकरी सोडून कुठे गेल्या, कोणालाच पत्ता नाही.
म्हणून मी. क्लेटस पॉवर,
खेकड्यांच्या कारखान्यात दिवसपाळीचा मुकादम,
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला,
जिथे रस्ता धक्क्यावर येतो आणि पुढे जायचं विसरतो.
समाजशास्त्राशी माझा संबंध
छपरावरच्या कुरव पक्ष्याचा चर्चशी असतो
तेवढाच.

फॉर्म विचारतो: उमेदवाराला किती काळ ओळखता?
नोरीन कियोला मी तिच्या बापाच्या होडीत
आमिषाच्या बादलीत बसवलेली पाहिली आहे.
तो काळ रकान्यात मावेना.
'सहा हंगाम' असं भरलं.

पुढे विचारतो: तुमच्या पाहण्यातल्या माणसांत ही कुठे बसते?
वरच्या दोन टक्क्यांत, पाच, दहा,
की मत देण्याइतकी माहिती नाही?
आमच्या पाळीत एकतीस माणसं.
पाच टक्के म्हणजे दीड माणूस.
एक नोरीन धरली, तर उरलेला अर्धा कोण?
बराच वेळ त्या अर्ध्याचाच विचार करत बसलो.
चहा गार झाला.

ती पट्ट्यावर पाय मोडते. खेकड्यांचे.
ऍप्रनच्या खिशात वही, ब्रेडच्या पिशवीत गुंडाळलेली.
सुट्टी झाली की लिहायची
कोण कोणाशेजारी डबा उघडतं,
कोण कधीच उघडत नाही.
एकदा म्हणाली, फिलिपिन्सच्या पोरींना
हातमोजे नेहमी शेवटी का मिळतात?
म्हटलं, रांगेत शेवटी उभ्या राहतात म्हणून.
म्हणाली, का?
त्या एवढ्याशा 'का'ने माझा अख्खा आठवडा खाल्ला.
पुढच्या सोमवारी मी हातमोजे
दुसऱ्या टोकाकडून वाटायला घेतले.
कोणी काही बोललं नाही. तिनेही नाही.
वहीत काय लिहिलं, देव जाणे.

आणि आल्मा डोबरचं मनगट.
त्या ऑगस्टात ते गेलं, तेव्हा
बेकारीच्या विम्याला तिचे अठरा तास कमी पडत होते.
अठरा तास तिच्या नावावर भरले गेले.
कसे, ते विचारू नका.
हजेरीपट माझ्या खणात असतो.
नोरीनने पाहिलं. नोरीनने लिहिलंही.
मग वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली,
ते पान फाडलं, चार घड्या घातल्या
आणि बर्फाच्या भुग्यात अंगठ्याने दाबलं.
म्हटलं, तुझ्या शास्त्राचं नुकसान झालं पोरी.
म्हणाली, मला कळलं, पुष्कळ झालं.
ते सांगणं माझ्याकडे नाही.

आता गंमत बघा.
तिच्याबद्दल मला ठाऊक असलेली सगळ्यांत खरी गोष्ट
हीच,
आणि लिहिली तर आल्मा गोत्यात,
तिच्यामागोमाग मी.
म्हणजे वर जे जे टाइप केलं, दोन बोटांनी, दोन संध्याकाळी,
ते होडीपासून बर्फापर्यंत पुसायचं.

पुसलं.

लिहिलं:
'नोरीन कियो वेळेवर येते.
जे रोज समोर असतं ते तिला दिसतं.
काय लिहू नये, हेही तिला समजतं.
ती गेली तर पट्ट्यावर माझी पंचाईत होईल,
तरी तिला घ्या.'
खूण दोन टक्क्यांवर केली.
एकतीसातले दोन टक्के
म्हणजे धड एक माणूसही भरत नाही,
पण ते गणित टोरंटोवाल्यांचं.

बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली:
'आभारी आहोत, प्राध्यापक पॉवर.'
मी आजूबाजूला पाहिलं.
खुर्चीत थोडा ताठ बसलो.
मग भोंगा झाला.