चौकोनातलं वर्तुळ

दोन आरसे, करंगळीच्या नखाएवढे.
एकाला डावं-उजवं कळतं, दुसऱ्याला वर-खाली,
आणि शेजारी राहूनही दोघांची ओळख नाही.
कामठीच्या मुस्तकीमभाईंनी दिले,
मिटवलेल्या डेकोरेशनच्या सामानातून,
उर्दू पेपरात गुंडाळून. म्हणाले,
ह्याचा बोर्ड त्याला लावू नका,
सवयीचे झालेत एकमेकांच्या.

दिवसभर मी इतवारीत लोकांचे इन्व्हर्टर उघडतो.
रात्री अकरानंतर मानेवाड्याची गच्ची,
मे महिन्यात तेव्हाही चपलेतून भाजणारी.
टेबल म्हणून कूलरचा जुना स्टँड,
पडदा म्हणून खोब्रागडेंच्या टाकीची चुन्याची भिंत.

आधी तारा. अधिक चोवीस, उणे चोवीस,
आणि मधली शून्याची, जिच्याकडे कुणी बघत नाही
आणि सुटली की आधी तीच कळते.
(मागच्या खेपेला कळली. धुराला
जळक्या शेंगदाण्याचा वास होता.)
मोटरच्या तारा एकीकडे, जागा सांगणाऱ्या दुसरीकडे,
पीळ घालून, वेणीसारख्या.
वेणी कस्तुरीने घातली. मला येत नाही.
भाची. अकरावीत. सुट्टीला आलीय गोंदियाहून,
आणि मामाला एकटंच बोलताना पकडलंय तिने.

लेसर सगळ्यांत मंद ठेवतो. तिला सांगतो,
बघायचं ते भिंतीकडे, उगमाकडे नाही.

स्विच. आरसे कुणकुणतात
कानाशी डास आल्यागत.
गल्लीतलं काळं कुत्रं उठून बसतं.
भिंतीवर चौकोन येतो,
म्हणजे चौकोनाची नुसती इच्छा:
कोपरा ओलांडून पुढे जाणारी,
परत फिरताना थरथरणारी.

बोर्डावर पाच-सहा बारके स्क्रू, प्रत्येकाच्या डोक्यावर
सुकलेलं नेलपॉलिश. गुलाबी.
कुणीतरी एकदा सगळं जुळवून,
आता हलू नये म्हणून कुलूप घातलंय.
मुस्तकीमभाई? की घरातलं कुणी,
बॅटरी धरून शेजारी उभं असलेलं?
मी सुईने खरवडतो. चोरी केल्यासारखं वाटतं.

आवर घालणारा स्क्रू पाव फेरा उजवीकडे.
थरथर जाते, पण कोपरे झिजतात
साबणाच्या वडीसारखे.
पाव फेरा परत. त्याच्या निम्मा पुढे.
कस्तुरी विचारते, "किती वेळ?"
बरोबर होईपर्यंत.
"अन् बरोबर झालं ते कसं कळते?"

मग तिला वर्तुळाचं सांगतो.
फाइलीत ते चौकोनाच्या आत नाहीच.
बाहेर आखलंय, चांगलं मोठं.
पण आरसे धावता धावता तिथवर पोचत नाहीत,
आणि कमी पडले ते नेमके पाहिजे तेवढेच पडले
तर वर्तुळ आत येऊन चारी बाजूंना टेकतं.
फार चपळ आरसा चुकीचा. सुस्तही चुकीचा.
ती बराच वेळ गप्प.
"म्हणजे कमी पडाचाही पेपर असते, मामा."

पावणेदोनला टेकलं.
तिने खिशातून बाटली काढली,
हे तिला केव्हाच सुचलेलं.
जांभळं, चमकीचं.
एकेका स्क्रूवर एकेक थेंब. हात माझ्यापेक्षा स्थिर.

तेवढ्यात पलीकडे टाकीचं झाकण वाजलं.
खोब्रागडे काकू, पाणी चढलं का ते बघायला आलेल्या,
स्वतःच्याच भिंतीकडे वाकून बघत राहिल्या.
मला वाटलं, आता ओरडतील.
"काय होय हे?"
"काही नाही काकू. चौकोन हाय. त्यात गोल."
"ते तं दिसून रायलं. पण उजव्या अंगाले
टेकून नाही रायला न तो."

जवळ जाऊन पाहिलं.
बोटभर फट.

नेलपॉलिश अजून ओलं होतं.