एकदाच वाजावं

आमच्या गाम्बियात मत कागदावर उमटत नाही.
चिमटीत मावेल अशी काचेची गोटी
पिंपाच्या तोटीतून आत सोडायची.
आत सायकलची घंटी बसवलेली असते. टण्.
एक टण् म्हणजे एक माणूस.
दोनदा वाजलं तर पडद्याबाहेर बसलेली मी
खुर्चीवरून उठते.

म्हणून त्या दिवशी सांकुन्दात सायकलला बंदी.
पाववाला दोन मैल सायकल हातात धरून चालत आला,
घंटीला रुमाल बांधून,
जणू तिची दाढ दुखतेय.

तीन पिंपं, तिसरीच्या वर्गात.
दाराजवळ पिवळं, आन्सू जार्जूचं. वीस वर्षं त्यानं होडी चालवली
आणि आता पूल मागतोय,
म्हणजे स्वतःच्याच भाषणात स्वतःची होडी बुडवतोय.
लोक हसले, पण ऐकून घेतलं.
भिंतीकडे जांभळं, सोरी बाल्डेचं. इटलीहून आला,
गाडीवर भोंगे, घरटी साखरेची पुडी, पुडीवर त्याचा फोटो.
साखर चहात गेली, फोटो चुलीत.
मधलं राखाडी मुसुकेबा द्राम्मेचं.
कालवं वेचणाऱ्या बायांचा हिशेब लिहिते ती.
तिनं काहीच वाटलं नाही.
गुडघाभर चिखलातून आली आणि विचारलं,
"राजधानीत तुमच्या ओळखीचं कोण आहे?"
कुणीच नव्हतं. ती गप्प बसली, आम्हीही.
एवढंच तिचं भाषण.

पिंपाच्या तळाशी वाळू लागते,
गोटी पडल्याचा वेगळा आवाज होऊ नये म्हणून.
आदल्या रात्री कंदील धरून मीच ती घातली.
वर्षभर पोरांच्या खिशातल्या गोट्या जप्त करणारी मी,
सरकारी पोत्यातल्या साडेसहाशे मोजून घेतल्या.

साडेदहाला फोदे तुरे आला. आंधळा.
बालाफोनच्या लाकडी पट्ट्या तासून सुरात लावणं हा त्याचा धंदा.
मत देऊन माझ्या शेजारी भिंतीला टेकला,
बायकोची वाट बघत.
जरा वेळानं हळूच म्हणाला,
"बाई, मधली घंटी अर्ध्या सुरानं खाली आहे.
आणि भिंतीकडची थोडी फुटकी."

माझ्या घशाला कोरड पडली.
बाहेर दीडशे माणसांची रांग,
आंब्याखाली तिघांचे एजंट शेंगा सोलत बसलेले,
आणि या कानाचं त्या कानाला कळू नये
म्हणून एवढा खटाटोप,
तो सगळा एकाच कानात गोळा होत होता.
नियमांच्या पुस्तकात डोळ्यांसाठी पडदा आहे.
कानांसाठी काही नाही.

"फोदे, तू घरी जा."
"तेनेंग आत आहे," तो म्हणाला.

टण्.

त्याच्या भुवया किंचित वर गेल्या.
चाळीस वर्षांचा संसार. आन्सू त्याचा मावसभाऊ.
घरात काय ठरलं होतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक.
शाईचं बोट कपड्यापासून लांब धरून तेनेंग बाहेर आली.
"दिलंस?"
"दिलं. आन्सूलाच."
"बरं केलंस," फोदे म्हणाला
आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागला.
जाताना कसलासा सूर गुणगुणत होता,
एकच, पुन्हा पुन्हा. अर्ध्यानं खाली.
मी यादी उचलली
आणि पुढचं नाव गरजेपेक्षा मोठ्यानं पुकारलं.

रात्री दोनशे भोकांच्या फळीवर गोट्या मांडल्या.
आन्सू दोनशे चौऱ्याहत्तर, मुसुकेबा दोनशे एकावन्न,
सोरी अठ्ठ्याऐंशी.
बाकीच्या गावांचं रेडिओवर कळायचं होतं.
मतदान गुप्तपणे पार पडलं, असं मी लिहून दिलं
आणि सही केली. सही जरा वाकडी आली.

सोमवारी तिसरीच्या वर्गात
कुणाच्या तरी खिशात खुळखुळलं.
सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली.
मी फळ्याकडे तोंड करून
पाढा लिहीत राहिले.