पॉइंटच्या पुढचे सात आकडे

एक्याण्णव पॉइंट
चार तीन आठ सहा एक दोन सात.

नेटकॅफेवाल्या मुख्तारभाईनं प्रिंट काढली, दहा रुपये.
कागद अजून गरम होता.
अप्पा म्हणाले,
पॉइंटच्या पुढं एवढं कोण मोजतंय?

माझे अप्पा, लिंबाजी मापाडी,
सेलूच्या मोंढ्यात बत्तीस वर्षं.
पोत्याला नुसता पंजा लावतात अन् सांगतात,
ह्यात ओल हाय, दोन किलो धरा.
काटा मग तेच बोलतो, जरा उशिरा.

"म्हंजी शंभरात एक्याण्णव पडले?"
नाही अप्पा. मार्क ब्याण्णव, ते दोनशेपैकी.
"मग हे एक्याण्णव कशाचे?"
शंभर पोरं रांगेत उभी केली, तर एक्याण्णव माझ्या मागं.
"तू बघितलीस का ती, मागची?"
नाही.
"अन् पुढची?"
त्यांची नावं मोठ्या फ्लेक्सवर असतात, अप्पा,
स्टँडसमोर, क्लासच्या.

मग मी शिफ्टचं सांगायला घेतलं.
कुणाचा पेपर सकाळी, कुणाचा दुपारी,
कुणाला सोपा, कुणाला अवघड,
म्हणून सगळं सारखं करून घेतात.
मला हे तीन व्हिडिओ बघून कळलं होतं, तेही अर्धवट.
अप्पांनी तंबाखूची चिमूट तशीच धरून ठेवली.
"सकाळचा कापूस दव पिऊन येतो," ते म्हणाले,
"दुपारचा वाळल्याला. म्हणून आमी कटती धरतो.
त्यात काय एवढं?"

थोड्या वेळानं:
"पण एकाचं पोतं दुसऱ्याच्या पोत्यानं
मोजत न्हाईत बाई आमच्यात."

नांदेडचं कॉलेज पहिल्या फेरीत बंद झालं
एक्याण्णव पॉइंट चार चारला.
किती कमी पडलं? अप्पांनी कानामागची पेन्सिल काढली.
मी हिशेब केला त्यांच्याच भाषेत:
क्विंटलमागं दीड ग्रॅमसुद्धा नाही.
ते माझ्याकडं बघत राहिले.
कापसाचं अर्धं बोंड.
एवढं तर मोंढ्यात
रोज अंगाला चिकटून घरी येतं,
आई झटकते दारात.

दुसऱ्या फेरीत लातूर लागलं. खाजगी.
फी बघून कुणीच काही बोललं नाही.
मुख्तारभाई म्हणाले, स्कॉलरशिप भर, निम्मी तरी सुटेल,
आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली.

तहसीलमध्ये बाईंनी विचारलं, वर्षाचं उत्पन्न?
अप्पा म्हणाले, सुगीतलं लिहू का बिगरसुगीतलं?
मागच्या माणसानं पुढं ढकललं.
आठ लाखांच्या आत पाहिजे, बाई म्हणाल्या,
आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा अप्पा हसले:
"आतच हाय मॅडम.
लई आत. पार माजघरात."

अर्ज परत आला. त्रुटी.
माझ्या दाखल्यावर बापाचं नाव लिंबाजी,
आधारवर निंबाजी.
बत्तीस वर्षं ज्यांच्या शब्दावर पोती उतरली
तो माणूस खरा की खोटा, एका अक्षरावर अडला.
आजीला विचारायला आजी नाही.
अप्पांनाच विचारलं, खरं काय?
"झाड तेच की," म्हणाले,
"कुणी लिंब म्हणतं, कुणी निंब. कडूच."

स्टँप पेपर, वकिलाचे दोनशे, दोन फोटो.
अर्ज पुन्हा गेला.
स्क्रीनवर आता रोज एकच ओळ:
पडताळणी सुरू आहे.
मी दिवसातून चारदा बघते. मुख्तारभाई पैसे घेत नाहीत.

काल अप्पांची मापाची वही हाताला लागली.
तेलकट पुठ्ठा, आत आडव्या-उभ्या रेघा:
गाव, माल, वजन, कटती.
तारीख माझ्या निकालाची.
गावाच्या घरात माझं नाव.
मालाच्या घरात काहीच नाही.
वजनाच्या घरात सगळे आकडे, पॉइंटसकट,
सात दोनदा गिरवलेला.
कटतीच्या घरात एक रेघ ओढून खोडलेली.

त्याखाली, पुढची नोंद:
वालूरचा हरभरा, एकोणीस क्विंटल.