एक जानेवारी

खिडकी क्रमांक सात. माझा करार अकरा महिन्यांचा,
खुर्ची त्याहून जुनी, एक चाक नसलेली.
समोर पडदा, पडद्यावर रकाने,
ज्याच्यापुढे लाल चांदणी
तो रिकामा सोडता येत नाही.

जन्मतारीख. चांदणी.
उमरेडहून, काटोलहून, मोमिनपुऱ्यातून आलेली माणसं
हा प्रश्न ऐकून मागे वळून बघतात,
जसं काही उत्तर रांगेतल्या कुणाच्या पिशवीत असेल.
"लिहा ना जी, साठ-पासष्ट."
साठ-पासष्ट ही तारीख नाही, असं यंत्र म्हणतं.
म्हणजे म्हणत काही नाही,
रकाना लाल करून थांबून राहतं.
मग मी एक जानेवारी देते.
प्रशिक्षणात हे शिकवलं नव्हतं,
सहा नंबरची हेमलता देते म्हणून मीही.
आमच्या बोटांनी जन्मलेली हजारो माणसं आहेत या शहरात,
सगळी ऐन थंडीत, एकाच दिवशी.

डोमाजी सोनकुसरे त्यातलेच. तांडापेठ.
खोकला हातमागाच्या ठेक्यात,
साडीच्या दुकानाच्या पिशवीत नऊ वर्षांचे केसपेपर,
घडीवर घडी, कडांना फाटलेले.
"माहा जलम मारबतीचा," ते म्हणाले.
"पिवळी मारबत आमच्या गल्लीतून निघाली
अन् मायले कळा आल्या.
बाहेर लोकं वरडत होते,
रोगराई घेऊन जा गे मारबत!
ते गेली, अन् मी आलो."
कोणतं साल, बाबा?
"मारबत दरसाल निघते, बाई. साल कोण मोजते?"
मी टाकलं, शून्य एक, शून्य एक, एकोणीसशे एक्कावन्न.
चांदणी विझली.
त्यांचा खोकला मात्र कार्डावर नीट आला,
बारा आकडी क्रमांक, काळा-पांढरा चौकोन.
ते चौकोनाला म्हणाले, "हे तं आमच्या किनारीचं डिझाइन."

मागच्या डिसेंबरात वरून आदेश आला.
रुग्णाशी जवळीक वाढवा,
वाढदिवसाला संदेश गेला पाहिजे, आपोआप.
एक तारखेला सकाळी सर्व्हर चाळीस मिनिटं बसला.
हेमलता हसत सुटली,
आपलीच लेकरं आहेत गं ही सगळी.

दोन तारखेला गिरजाबाई आल्या.
रुमालात बांधलेला फोन, रुमालाला गाठ.
"हे तुमीच धाडलं का जी?"
प्रिय डोमाजी, आपणांस उदंड आयुष्य लाभो.
मी भांडणाची तयारी केली,
साहेबांचा नंबर, तक्रारवही, हात खाली.
त्या भांडल्या नाहीत.
"ते गेले, बाई. आता कोणाले लाभीन?"

शोधलं. सापडले.
स्थिती: जिवंत. हे यंत्र स्वतःच गृहीत धरतं.
मी दुसरा पर्याय निवडला, तर नवा रकाना उघडला.
मृत्युदिनांक. चांदणी.

पहिल्यांदाच कुणी मागे वळून बघितलं नाही.
"सतरा नोव्हेंबर. पहाटचे चार वाजून दहा मिनटं.
नळ आले होते. मी बादली लावली.
ते आतून म्हणे, कितवी?
म्हटलं, पयली.
दुसरी भरली तं इचारलंच नाही."

रकान्याला फक्त दिनांक पाहिजे होता.
खाली एक शेरा म्हणून जागा असते,
तिला चांदणी नाही, ती कुणी भरत नाही.
मागून त्र्याहत्तर नंबरवाला काउंटर ठोकत होता.
मी लिहिलं: चार दहा. नळ आले होते.
मग जागा उरली म्हणून,
जन्म मारबतीचा.

जतन केलं, आणि त्यांच्या हातातला फोन थरथरला.
"आता काय म्हणते?"
म्हणते, तुमची माहिती यशस्वीरीत्या अद्ययावत झाली.
त्यांनी मान हलवली, फोन माझ्यापुढे केला.
"हे वालं पुसून टाक.
कालचं राहू दे.
त्याहीले असं कोनी कधी म्हटलंच नव्हतं."

मी आजचं पुसलं.
त्यांनी रुमालाला परत गाठ मारली,
दोनदा ओढून बघितली.