निम्मा काटा

फीटे, सतरा वर्षांचा, सुताराकडे उमेदवारी करणारा,
अंगठ्याला पट्टी, कानामागे विसरलेली पेन्सिल,
आज पहिल्यांदा ऑटोबानवर.
मी शेजारच्या सीटवर. पायाशी माझा वेगळा ब्रेक.
चोवीस वर्षं असाच चाललाय माझा प्रवास :
चाक दुसऱ्याच्या हातात, धास्ती माझ्या पायात.

ग्युस्ट्रोच्या पुढे रस्ता सरळ होतो.
दोन्हीकडे मे महिन्याची पिवळी शेतं,
आणि आभाळ एवढं मोकळं
की आपण पळतोय हे कळतच नाही.
गोम इथेच आहे, मी म्हणते.
काच वर केली की दीडशेसुद्धा
दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं.

"मर्यादेची पाटी नाहीये."
नाही.
"मग?"
मग काय? पाटी नाही म्हणून अक्कल गहाण टाकायची?

कडेचे पांढरे खुंट बघ. दोन खुंटांत पन्नास मीटर.
काटा जिथे असेल त्याच्या निम्मे मीटर
पुढच्या गाडीपासून लांब.
शंभरला पन्नास. दीडशेला पंचाहत्तर.
"आणि पावसात?"
पावसात निम्मं नाही. सगळं.
मोज. ती खुंट ओलांडते तेव्हा म्हण एकवीस, बावीस,
मग आपण पोचायचं. आधी नाही.
तो तोंड उघडतो,
"एकवी..."
आणि आम्ही पोचलेले असतो.
त्याच्या हातावर काटा आलेला मला दिसतो.
त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मग आरशात एक चंदेरी गाडी,
आरसाभर. लाइट मारते. परत मारते.
फीटेची मान लाल होते. "त्याच्या बापाचा रस्ता आहे का?"
नाही. तुझ्याही बापाचा नाही.
आरसा. इंडिकेटर. आता खांद्यावरून एक नजर,
कारण आरशाला एक आंधळा कोपरा असतो
आणि माणसं नेमकी तिथेच असतात.
हो उजवीकडे. जाऊ दे.
तो जातो, आमची गाडी पत्र्याच्या डब्यासारखी थरथरते.
मनात मी एक शिवी देते, आजोळच्या बोलीतली,
जिचा तासिकेच्या फीमध्ये समावेश नाही.

बारा किलोमीटर पुढे सगळे दिवे एकदम लाल.
फीटे धोक्याचे दिवे लावतो, मी न सांगता.
डावी रांग डावीकडे सरकते, उजवी उजवीकडे,
आणि केसांत भांग पडावा तशी
मधोमध एक वाट उघडते.
मला हे दर वेळी बघावंसं वाटतं. शेकडो अनोळखी माणसं,
प्रत्येकाला घाई,
आणि तरी प्रत्येकजण हातभर सरकतो
कुणा न पाहिलेल्या माणसासाठी.
रुग्णवाहिका भांगातून निघून जाते.

चंदेरी गाडी आमच्या शेजारीच उभी. खिडकीला खिडकी.
आत पन्नाशीचा एक माणूस
उकडलेलं अंडं सोलतोय, टरफलं टायवर.
तो आमच्याकडे बघून मान हलवतो.
फीटे आधी नजर फिरवतो,
मग थोड्या वेळाने, नाइलाजाने, हलवतो.

चाळीस मिनिटांनी आम्ही पुढे सरकतो.
एक व्हॅन आडवी. कठड्यापाशी एक बाई
सोनेरी चकचकीत पांघरुणात, कानाला फोन.
हसतेय की रडतेय,
ताशी दहाच्या वेगालाही कळत नाही.
"कुठलं निघायचं आता?" फीटे विचारतो. पुढचं, मी म्हणते.

संध्याकाळी रोस्टॉकहून स्वान्त्येचा फोन :
"आई, निघाले."
सावकाश ये.
"हो गं, दर वेळी काय तेच."
मी बटाटे सोलायला घेते.
भिंतीवरचा काटा पुढे जातो.
पाऊस नाही, रस्ता कोरडा, पोरगी शहाणी,
आणि ओट्यासमोर उभी असताना माझा उजवा पाय
फरशी दाबून धरतो.
इथे ब्रेक नाही, हे त्याला
अजून कुणी शिकवलेलं नाही.