रंग कसो आसा

खोकला घरात सगळ्यांना ठाऊक होता,
कुत्र्यालासुद्धा.
गुणाजी पाणंदीच्या वळणाशी आला की
आधी खोकला यायचा, मग विडीचा वास, मग तो.

पहिल्या आठवड्यात कोरडा होता,
सुकटीच्या पाटीत हात घालावा तसा खरखरीत.
मग ओला झाला.
मग रात्री दोनला तो उठून बसायला लागला
गुडघ्यांना मिठी मारून,
नि मी पाठीवर हात ठेवला की
फासळ्यांखाली कुणीतरी इंजिनाची दोरी ओढतंय,
ओढतंय,
आणि इंजिन काही घेत नाही.

"काय नाय गो, डिझेलचो धूर."
मी आल्याचा रस दिला. अडुळसा उकळला.
खोकल्याचं सगळं माझ्याकडे होतं.

दुसरी गोष्ट माझ्याकडे नव्हती.
सर्जेकोटच्या बंदरातून पहाटे सुटलेला माणूस
होडीच्या कडेला उभा राहून मुततो,
खाली अख्खा दर्या.
त्यात कुणाचा रंग कुणाला दिसणार?

परवा वारा उलटा होता, होडी ओढलेली.
मी माशांचं पाणी ओतायला मागे गेले,
तो कालवांच्या शिंपल्यांच्या ढिगापाशी उभा.
पांढऱ्या शिंपल्यांवरून
कोरा चहा ओघळत होता.

"किती दिस झाले?"
"कसले किती दिस?"
म्हणजे त्यालाही आत्ताच कळलं,
नाहीतर केव्हापासून कळत होतं.
बावीस वर्षं झाली, हे एवढं मला अजून ओळखता येत नाही.

मालवणच्या दवाखान्यात
बाईंनी कागदावर खोकला लिहिला. ताप लिहिला.
मग पेन थांबवून विचारलं,
"लघवीचा रंग कसा आहे?"
तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला,
जसं काही तिथे भरती-ओहोटीची वेळ लिहिलीय.
मी सांगितलं.

बाईंनी पापणी खाली ओढली. पोटरी दाबली,
तेव्हा दर्यात कधी न ओरडलेला माणूस ओरडला.
"होडीत उंदीर आहेत?"
"उंदीर नाय अशी होडी खय आसता?"
"पायाला जखम?"
त्याने चप्पल काढली.
टाचेला कालवाच्या धारेने कापलेलं,
पंधरा दिवसांपूर्वीचं,
त्याच ढिगातल्या कुठल्यातरी शिंपल्याने.

मी दोन दुखणी वेगवेगळी सांभाळत होते,
एक ऐकू येणारं, एक न दिसणारं.
बाईंनी ती एका ओळीत लिहिली
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
म्हणाल्या, "लेप्टो असेल. कावीळ असेल.
कदाचित दोन्हींचा एकमेकांशी संबंधही नसेल.
पण घरी नाही जायचं. ओरोसला न्या, आत्ता."

गाडीत तो आडवा, मी पायांशी.
हातात बाटली, चिकटपट्टीवर त्याचं नाव,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
अजून कोमट.
एवढ्या वर्षांत त्याची इतकी जपून धरलेली
दुसरी वस्तू मला आठवेना.

कसालच्या अलीकडे खोकल्याची उबळ आली.
ती सरल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग छताकडे बघत म्हणाला,
"रंग कसो आसा?"

उन्हाची शेवटची तिरीप काचेतून थेट माझ्या मांडीवर.
मी बाटलीवर पदर घेतला.

"काळोख झालो," म्हटलं,
"दिसना नाय."