उभ्याचा धंदा

दुकानात खुर्च्या तीन.
सदतीस वर्षांत त्यातली एकही माझी झाली नाही.
साडेसातला शटर वर जातं, मी उभा.
रात्री नऊला खाली येतं, तोवर उभाच.
गणपतीच्या आदल्या आठवड्यात तर जेवणही उभ्याने,
डबा आरशाखालच्या फळीवर, पावडरशेजारी.
परळमध्ये अर्धी डोकी माझ्या हाताखालून गेली,
पाय मात्र कुणी पाहिले नाहीत. मीसुद्धा.

पाहिले ते मुलीने.
"बाबा, पोटरीवर हे काय उगवलंय?"
निळ्या गाठी, भिजलेल्या सुतळीसारख्या.
घोट्याशी कातडी काळसर,
चहा सांडून पुसायचा राहिल्यासारखी.
मी तेल चोळायचो, जोर लावून,
गिऱ्हाइकाचं डोकं रगडावं तसं.
"ते आधी बंद करा," डॉक्टर तुंगेकर म्हणाल्या.
"खाज आली तरी नख लावू नका. तिथे जखम झाली
की महिनोन् महिने भरत नाही."

मग त्यांनी गार जेल फासलं
(मी निदान पाणी कोमट करून घेतो)
आणि यंत्र टेकवलं.
पोटरी दाबली: सूं.
सोडली: पुन्हा सूं, लांबलचक.
"हा दुसरा आवाज यायला नको होता.
वर गेलेलं रक्त परत येतंय."

शिरेत दारं असतात म्हणे,
पाकळीएवढी, वरच्याच अंगाला उघडणारी.
माझी सैलावली.
मला आमच्या दुकानाचं दार आठवलं,
वडिलांनी बसवलेलं, हिरव्या काचेचं, अर्ध्या उंचीचं.
बिजागरीची स्प्रिंग कधीच गेली.
माणूस निघून जातो
आणि दार आपलं हलत राहतं, आत, बाहेर.

इनास प्लंबर दाढीला बसला तेव्हा त्याला सांगितलं.
फेसातून म्हणाला, "नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला रे धाकू.
टाकीत चढवलेलं पाणी उलटं उतरतं. पंप कुठे तुझा?"
"पोटरी," मी म्हटलं.
चाललो की पंप चालू.
नुसता उभा राहिलो की लाइट गेली.

लेझर करायचं ठरलंय, दिवाळीनंतर.
बारीक तार आत घालून ती शीरच बंद करणार.
मी घाबरलो, मग रक्त जाईल कुठून?
"खोलातल्या शिरा चांगल्या आहेत.
वाईट वाट बंद झाली की ते चांगली धरतं."
माझ्या धाकट्या भावाला हे कुणीतरी सांगायला हवं.

तोवर मोजे.
पाय जमिनीला लागायच्या आधी, अंथरुणातच चढवायचे.
इतके घट्ट, की पहिल्या दिवशी
ही एकीकडून ओढतेय, मी दुसरीकडून,
आणि दोघंही हसून हसून गादीवर आडवे.
शेवटी तिनेच युक्ती काढली:
कलपाचे रबरी हातमोजे घातले, मोजा सरळ सरकला.
रात्री पायांखाली दोन उशा.
दिवसा चवड्यांवर वर, खाली, वर, खाली,
कात्री हातात असताना. वस्तरा असताना नाही.
गिऱ्हाइकांना वाटतं, धाकू डोक्याच्या पलीकडे काय बघतोय?

आणि दुपारी अडीचला
मधल्या खुर्चीत मी.
पाठ पाडलेली, टाचा बेसिनच्या काठावर.
इथून दुकान वेगळंच दिसतं.
घड्याळ उलटं चालतं,
छतावर एक ओल आहे जी फक्त गिऱ्हाइकांना माहीत होती.
पोऱ्या, दिगू, जवळ आला, "काका, दाढी करू?"
त्याचा हात थरथरत होता. जबड्याखाली बोट टेकवून
त्याने माझी मान वळवली,
मीच शिकवल्याप्रमाणे,
आणि मला कळलं की हे किती बरं वाटतं.

दारातून कुणी डोकावलं. "बंद आहे का?"
"उघडं आहे, बसा," मी फेसातून म्हणालो.
तो माझे पाय बघत बसला.
दार हलत राहिलं.
इनासला सांगितलंय,
येताना एक स्प्रिंग आण.